अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम: कोकणातल्या रुग्णांना आणि घरच्यांना पडणारे प्रश्न

या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यावरचं मुख्य औषध, वॉरफेरिनची गोळी, जुनं आहे, स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावी मिळतं. तरीही आपल्याकडे रुग्ण अडचणीत येतात, कारण तपासणीचं रक्त चुकीच्या पद्धतीने मुंबईला जातं, आयएनआर (गोळी चालू असताना रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी तपासणी) चार-चार महिने होत नाही आणि पावसाळ्यात तापावर कुणीतरी कमरेत सुई टोचतं. म्हणून या पानावर जास्त जागा अशा गोष्टींना दिली आहे. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

आपली प्रतिकारशक्ती जंतूंविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. या आजारात ती स्वतःच्याच रक्तातल्या काही प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवते. त्यातलं मुख्य प्रथिन बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १. पेशींच्या आवरणावर फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात आणि हे प्रथिन त्यांना चिकटून बसतं. अँटिबॉडी तिथे येऊन बसल्या की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आणि प्लेटलेट चेकाळतात आणि गुठळी धरायला तयार होतात. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या आजाराचं एकत्रित वर्णन केलं, म्हणून जुन्या कागदांवर ‘ह्यूज सिंड्रोम’ असंही लिहिलेलं दिसतं. डॉक्टर थोडक्यात ‘एपीएस’ म्हणतात.

काहींना तो एकटाच होतो, काहींना ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारासोबत. अँटिबॉडी वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या असतात. ऑपरेशन, मोठा ताप, बाळंतपण, पाय प्लास्टरमध्ये असणं असं काही घडलं की गुठळी होते.

रिपोर्टमध्ये रक्त उशिरा गोठतंय असं दिसतं. मग गुठळ्या कशा?

हा गोंधळ डॉक्टरांच्याही वाट्याला आला आहे. रक्त गोठवणाऱ्या घटकांना काम करताना बसायला फॉस्फोलिपिडचा पाट लागतो. काचेच्या नळीत हा पाट मोजकाच असतो आणि अँटिबॉडी तो अडवून बसतात, म्हणून एपीटीटी ही गोठण्याचा वेळ मोजणारी तपासणी लांबलेली दिसते. शरीरात मात्र पाटाला तोटा नाही. तिथे अँटिबॉडींचा दुसरा गुण, म्हणजे पेशींना चेकाळवण्याचा, वरचढ ठरतो. या अँटिबॉडीला ‘ल्युपस अँटिकोअॅग्युलंट’ म्हणतात. अँटिकोअॅग्युलंट म्हणजे गोठणं थांबवणारं. नाव दोन्ही अंगांनी फसवं आहे: ल्युपस नसलेल्यांतही ती सापडते आणि शरीरात ती रक्त गोठू देते, थांबवत नाही.

ती शोधायच्या एका तपासणीत घोणशीचं विष अगदी पातळ करून वापरतात. घोणशीचं विष गोठण्याच्या साखळीतला दहावा घटक थेट जागा करतं. घोणस चावल्यावर हे घटक संपून जातात आणि रक्त गोठेनासं होतं. प्रयोगशाळेत तेच विष थेंबभर घालून पुढची साखळी किती सेकंदांत पुरी होते ते मोजतात. रिपोर्टवर ‘डीआरव्हीव्हीटी’ लिहिलेलं असेल तर ते हेच.

कशावरून संशय घ्यावा?

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, ही सर्वांत नेहमीची सुरुवात. सिंधुदुर्गात हत्तीरोग पूर्वापार असल्याने पायाची सूज ‘तसलंच काहीतरी’ म्हणून राहून जाते. हत्तीरोगाची सूज महिनोन्‌महिने वाढते. शिरेतल्या गुठळीची सूज तास-दिवसांत चढते. अशा पायाला तेल लावून चोळू नका. चोळल्याने गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो. पायाची डॉपलर सोनोग्राफी त्याच दिवशी करून घ्या.

पन्नाशीच्या आत अर्धांगवायू, अचानक दम लागून छातीत दुखणं, वारंवार किंवा उशिराचे गर्भपात, मांड्या-हातांवर जाळीसारखे निळसर-जांभळे पट्टे, विनाकारण कमी प्लेटलेट, यातलं काहीही असलं तरी एपीएसची तपासणी विचारायला हरकत नाही.

कोणत्या तपासण्या लागतात आणि त्या गावाहून कशा कराव्यात?

तीन: ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १. शेवटच्या दोन्हींत आयजीजी आणि आयजीएम असे दोन प्रकार मोजतात. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का बसत नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तीच तपासणी करून तीच अँटिबॉडी पुन्हा सापडावी लागते, कारण साध्या तापानंतरही या अँटिबॉडी काही आठवडे वाढतात आणि मग निघून जातात. अँटिकार्डिओलिपिनचा आकडा ४० युनिटच्या वर असेल तर त्याला वजन. १५-२० च्या आसपासचा आकडा पाहून घाबरू नये.

आता आपल्याकडची खरी अडचण. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ची तपासणी सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यावर, होते. सीरम वेगळं करून बर्फात ठेवलं तर देवगडहून मुंबईला गेलं तरी चालतं. ल्युपस अँटिकोअॅग्युलंटचं तसं नाही. त्यासाठी निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत खुणेपर्यंत रक्त घ्यावं लागतं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. सुमारे चार तासांच्या आत ते दोनदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढून टाकाव्या लागतात आणि वर उरलेलं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, लगेच वापरायचा नसेल तर गोठवावा लागतो. संध्याकाळच्या गाडीने न फिरवलेलं रक्त पाठवलं तर वाटेत प्लेटलेट फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात मिसळतं, अँटिबॉडी त्यातच गुंतून पडते आणि खरोखर पॉझिटिव्ह असलेला रुग्ण निगेटिव्ह दिसतो. म्हणून रक्त पाठवण्यापेक्षा माणूस गेलेला बरा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रक्तविकार संशोधन संस्था आहे, सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. रक्त गावातच देणार असाल तर कलेक्शन सेंटरला एवढंच विचारा: ‘तुम्ही इथेच दोनदा फिरवून गोठवून पाठवता का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे देऊ नका.

वेळही पाहावी लागते. हेपारिन, वॉरफेरिन ही गुठळीविरोधी औषधं चालू असताना किंवा गुठळी नुकतीच झालेली असताना या तपासणीचा निकाल खोटा येऊ शकतो. नव्या जातीच्या गोळ्या तर हमखास घोळ घालतात. काय चालू आहे ते फॉर्मवर लिहायला लावा.

गरोदरपणात व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. हे काय नवीन?

व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची, सिफिलिसची, चाळणी तपासणी. तिच्यात कार्डिओलिपिन हाच पदार्थ वापरतात, म्हणून एपीएस असलेल्या बाईची व्हीडीआरएल सिफिलिस नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. टीपीएचए ही पक्की तपासणी करा. ती निगेटिव्ह असेल आणि आधी गर्भ पडलेले असतील, तर एपीएसच्या तपासण्या मागून घ्या. एका कागदावरून सुनेच्या किंवा मुलाच्या चारित्र्यावर बोलणं उठतं, घरं मोडतात. टीपीएचए येईपर्यंत तो कागद डॉक्टर आणि नवरा-बायको यांच्यातच राहू द्यावा.

अँटिबॉडी आहेत, पण गुठळी कधीच झाली नाही. गोळी घ्यायची का?

निरोगी माणसांतही शंभरात एक ते पाच जणांत या अँटिबॉडी सापडतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असतील किंवा ल्युपस अँटिकोअॅग्युलंट कायम असेल तर धोका जास्त. तेव्हा अॅस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम रोज देतात. विडी-सिगारेट बंद, रक्तदाब आणि साखर ताब्यात. मशेरीही सोडलेली बरी.

गुठळी झाल्यावर उपचार काय?

पहिले काही दिवस हेपारिनची इंजेक्शनं आणि सोबत वॉरफेरिन किंवा असेनोकूमारॉलची गोळी. दोन्ही किमान पाच दिवस जोडीने चालतात. आयएनआर २ च्या वर जाऊन स्थिरावला की इंजेक्शन थांबतं. पुढे आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. धमनीतल्या गुठळीसाठी, म्हणजे अर्धांगवायू वगैरे झाला असेल तर, काही डॉक्टर वरचा आकडा धरतात किंवा अॅस्पिरिनची जोड देतात. गुठळी आपोआप, विनाकारण झाली असेल तर हा उपचार बहुधा जन्मभराचा.

‘रक्त पातळ करायची गोळी’ असं आपण म्हणतो खरं, पण रक्त पातळ होत नाही. गोळी व्हिटॅमिन ‘के’चं काम अडवते आणि यकृतात गोठवणारे घटक कमी बनतात. म्हणून परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात आणि गोळी थांबवल्यावर उतरायलाही वेळ लागतो.

मेडिकलवाल्याकडे एक गोष्ट सांभाळा. वॉरफेरिन आणि असेनोकूमारॉल ही वेगळी औषधं आहेत आणि ‘मिलिग्रॅमला मिलिग्रॅम’ बदलता येत नाहीत. असेनोकूमारॉल साधारण निम्म्या मात्रेत तेवढंच काम करतं. वॉरफेरिन ४ ऐवजी असेनोकूमारॉल ४ हातात पडली तर आठवड्याभरात नाकातून, लघवीतून रक्त सुरू होऊ शकतं. रिकामी पट्टी दुकानात घेऊन जा, नाव आणि आकडा जुळवूनच पैसे द्या.

तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या आहेत म्हणे?

रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान. इतर कारणांनी झालेल्या गुठळ्यांसाठी त्या चांगल्या आहेत. एपीएसमध्ये, विशेषतः तिन्ही अँटिबॉडी असलेल्यांत, नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत रिव्हारॉक्साबॅन घेणाऱ्यांना अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके जास्त आले, म्हणून ती मुदतीआधी थांबवावी लागली. पुढच्या वर्षी युरोपच्या औषध नियामकाने तसा इशारा दिला. आयएनआरसाठी दर महिन्याला तालुक्याला जाणं त्रासाचं आहे हे खरं, पण त्या त्रासापायी गोळी बदलून मागू नका.

आयएनआर किती दिवसांनी? गोळी चुकली तर?

सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, आकडा बसला की दर चार आठवड्यांनी. डोस बदलला, नवं औषध सुरू झालं, जुलाब-उलट्या झाल्या, उपास घडले, तर चार-पाच दिवसांत पुन्हा. एकच लॅब धरा. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होऊन आयएनआर खोटा वर दिसतो. बोटातून थेंब घेऊन मोजणारं यंत्र एपीएसच्या काही रुग्णांत चुकतं, तेव्हा आधी शिरेतल्या रक्ताशी ताडून पाहा.

गोळी रोज एकाच वेळी, शक्यतो संध्याकाळी. दिवेलागणीला घेण्याची सवय चांगली, देवाजवळ दिवा लावला की गोळी. त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. चुकलेला दिवस वहीत लिहा, नाहीतर कमी आलेला आकडा पाहून डॉक्टर विनाकारण डोस वाढवतील.

पालेभाज्या बंद करायच्या का? मासे? आंबे?

पालेभाज्या बंद करू नका. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन ‘के’ असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, एवढंच. डॉक्टर डोस तुमच्या रोजच्या जेवणावर बसवतात, तेव्हा जेवण सारखं असलं की झालं. कोकणात ते सारखं नसतं, हीच गोम. मे महिन्यात पाला फारसा पोटात जात नाही. मग पहिला पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला, श्रावणात अळूचं फदफदं. आयएनआर जूनअखेरीस खाली घसरतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. उलट बाजूने, लग्नसराईत किंवा आजारपणात पाला पूर्ण बंद झाला की आकडा वर. सोपा मार्ग असा: वर्षभर आठवड्यातून दोन-तीनदा कोणतीही एक पालेभाजी वाटीभर खा, रानभाज्यांच्या दिवसांतही तेवढीच ठेवा आणि पावसाच्या सुरुवातीला एक जादा आयएनआर करा.

मासे, सोलकढी, भात, नारळ, काहीही सोडायचं नाही. बांगडा, सुरमई, कोळंबीत व्हिटॅमिन ‘के’ नगण्य असतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. हापूसच्या दिवसांत थोडं सांभाळा: भरपूर आंबा खाल्ल्यावर आयएनआर वाढल्याच्या मोजक्या रुग्णांतल्या नोंदी आहेत. रोज एखादा आंबा खुशाल खा. सहा-सात आंब्यांचा आमरस रोज होत असेल तर मे महिन्यात एकदा तपासा. फोडणीतली हळद-लसूण ठीक, त्यांच्या ‘अर्काच्या’ गोळ्या नकोत. काढे, जडीबुटी, झाडपाला यांत काय आहे हे कळत नसल्याने आयएनआर कुठेही जाऊ शकतो. दारू एका बैठकीत जास्त झाली तर आकडा उडतो.

पावसाळ्यात ताप आला तर?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेप्टो, डेंग्यू आणि दोडामार्ग-बांदा भागातला माकडताप, तिघांतही रक्तस्रावाची भीती असते, पहिल्या दोघांत प्लेटलेट बऱ्याचदा खूप उतरतात. त्यात गुठळीविरोधी गोळी चालू. ताप आला की दुसऱ्याच दिवशी प्लेटलेट आणि आयएनआर दोन्ही करा. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या तर गोळीचं काय करायचं हे तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतील. मनाने चालू ठेवू नका, मनाने बंदही करू नका. गोळी एकदम सोडली आणि अंगात जंतुसंसर्ग असला, तर क्वचित आठवड्याच्या आत मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू अशा अनेक अवयवांत एकदम बारीक गुठळ्या होतात. हे एपीएसचं सर्वांत भयंकर रूप आहे.

दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा: ‘कमरेत किंवा दंडाच्या स्नायूत इंजेक्शन नको.’ स्नायूत सुई गेली की आत रक्त साठून संत्र्याएवढी गाठ होते. शिरेतून चालतं. तापाला पॅरासिटामॉल, तेही कमीत कमी दिवस. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अंगदुखीच्या मिश्र गोळ्या नकोत.

लावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी वाटल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनने आयएनआर वाढू शकतो. ती नाकारू नका. चिखलात उतरणाऱ्याला लेप्टो हा मोठा धोका आहे. आरोग्यसेविकेला आपली गुठळीविरोधी गोळी दाखवा आणि आयएनआर करा. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल आणि फ्लुकोनॅझोल तर आकडा जोरात वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं तो पाडतात.

दोन-तीनदा गर्भ पडला. मूल होईल का?

नीट उपचार मिळाले तर बहुतेकींना होतं. दहा आठवड्यांच्या आधी लागोपाठ तीन गर्भपात, दहा आठवड्यांनंतर कारण न सापडता एक जरी गर्भ गेला, किंवा रक्तदाब वाढून ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागलं, तर एपीएस तपासतात. वार नीट रुजत नाही, तिच्या रक्तवाहिन्यांत अडथळे येतात, बाळाला पुरवठा कमी पडतो. यात बाईच्या हातून काही ‘चुकलेलं’ नसतं आणि नारळ-अंगारा करण्यात गेलेले आठवडे परत येत नाहीत.

अॅस्पिरिन दिवस राहण्याआधीच सुरू करतात. पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली की हेपारिनची जोड, बहुधा एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा. आधी गुठळी झाली असेल तर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हेपारिन वारेतून बाळाकडे जात नाही. वॉरफेरिन जातं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाका-हाडांना इजा करतं. म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्या बाईने पाळी चुकली की आठवडाभर वाट न पाहता घरीच तपासावं आणि सहाव्या आठवड्याच्या आत इंजेक्शनवर यावं.

इंजेक्शन घरी देता येतं. बेंबीपासून चार बोटं लांब, आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ आत, औषध सावकाश सोडा, सुई बाहेर आल्यावरच चिमूट सोडा. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, काढताना औषध वाया जातं. नंतर चोळू नका, चोळलं की काळंनिळं होतं. सिरिंज फ्रीझरमध्ये नको, उन्हात उभ्या गाडीतही नको. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून आरोग्य केंद्रात द्या. आगरात किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका.

बाळंतपणाला माहेरी जायचं आहे.

जा, पण तारीख ठरवण्याआधी माहेरच्या तालुक्यात तीन गोष्टी पाहा: एनॉक्सापॅरिन मिळतं का, डॉपलरसह सोनोग्राफी होते का, रात्री सिझेरियन आणि रक्ताची सोय कुठे आहे. मुंबईहून निघताना महिन्याची इंजेक्शनं सोबत घ्या. बाळाची वाढ साधारण दर चार आठवड्यांनी पाहतात. पाठीत भूल द्यायची तर रोजच्या ४० च्या डोसनंतर किमान १२ तास आणि मोठ्या डोसनंतर २४ तास जावे लागतात. शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते लिहून ठेवा. कळा सुरू झाल्या की पुढचं घेऊ नका, आधी दवाखान्यात विचारा. बाळंतपणानंतर सहा आठवडे गुठळीचा धोका जास्त असतो, इंजेक्शन तोवर चालू राहतं. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उठू न देण्याची पद्धत इथे घातक आहे. तिला घरात चालू द्या. हेपारिन आणि वॉरफेरिन दोन्ही घेत अंगावर पाजता येतं.

पाळी पुढे ढकलायच्या आणि गर्भनिरोधक गोळ्या चालतात का?

माला-डी, माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं. नको. तीन महिन्यांच्या अंतरा इंजेक्शनचाही धोका न पत्करलेला बरा. तांबी चालते, मात्र अंगावरून जास्त जाऊ शकतं. हार्मोनची तांबी बसवली तर तेही कमी होतं.

गणपतीत पाळी येऊ नये म्हणून घेतात ती नॉरएथिस्टेरॉन. दिवसातून तीनदा घेतल्यावर तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. वर चौदा-पंधरा तासांचा गाडीतला प्रवास. एपीएस असलेल्या बाईने ही गोळी घेऊ नये आणि घरच्यांनीही तिला ती घ्यायला लावू नये.

मुंबई-गोवा प्रवास?

दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला, पाणी प्या, बसल्या जागी पावलं वरखाली हलवा. गोळ्या खिशात ठेवा, सामानात नको.

पडलं, कापलं तर?

विळीने कापलं तर स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटं न उघडता दाबून धरा. डोक्याचं वेगळं. शेवाळलेल्या पाखाडीवरून पाय घसरून डोकं आपटलं, माडावरून नारळ डोक्यात पडला, तर वर खोक नसली आणि माणूस बोलत असला तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन. आतलं रक्त तासांनी, कधी दिवसांनी साठतं. काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, असह्य डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, अचानक दम लागणं: १०८ ला फोन करा आणि गोळीचं नाव पहिल्याच वाक्यात सांगा.

दात काढायचा आहे.

आधीच्या तीन दिवसांतला आयएनआर दाखवा. आकडा २ ते ३ मध्ये असेल तर साधा दात गोळी न थांबवता काढता येतो. मोठ्या ऑपरेशनला गोळी काही दिवस आधी थांबवून मध्ये हेपारिन देतात. एपीएसमध्ये औषधाविना जाणारे दिवस शक्य तितके कमी हवेत, म्हणून सर्जन आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर यांचं आधीच फोनवर बोलणं करून द्या.

हा आजार मुलांना होतो का? पूर्ण बरा होतो का?

संसर्गाने पसरत नाही. घराण्यात सरळ उतरतो असंही नाही, काही घरांत प्रतिकारशक्तीचे आजार जास्त दिसतात एवढंच. अँटिबॉडी घालवणारं औषध नाही. गोळी नियमित असणारी माणसं शेती करतात, होडीवर जातात, नोकरी करतात.

जवळ काय ठेवावं?

पाकिटात एक जाड कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला: ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’, गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम, आयएनआर किती ठेवायचा, शेवटचे तीन आकडे तारखांसह, रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये’. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.